साठ ते एकशेवीसच्या मधलं रक्त

साहेब, तुम्ही माझ्या भावाचं रक्त पाहिलंच नाही आणि ते चांगलं आहे असं लिहून दिलंत. हा आरोप आहे. तक्रार नाही, विनंती नाही, 'आपल्या निदर्शनास आणू इच्छिते' तर अजिबात नाही. तसले कागद मी रोज दहा जणांना टाइप करून देते. त्यांचं पुढं काय होतं ते मला ठाऊक आहे.

तुम्हाला मी आठवत नसेन. जाम गावच्या चौकात पंक्चरच्या दुकानाला लागून एक ऑनलाइन सेंटर आहे, तिथं मी बसते. भावना माझं नाव. सातबारा, जातीचे दाखले, परीक्षेचे फॉर्म, असं माझं काम. दिवाळीनंतर तुमच्या जिल्हा आरोग्य कार्यालयानं आमच्याकडच्या बावीस गावांत सिकलसेल तपासणीची शिबिरं घेतली, तेव्हा फोटो काढायला माणूस हवा होता. मोबाइल चांगला पाहिजे आणि हात हलायला नको, एवढीच अट. माझा हात हलत नाही.

काम सोपं होतं. प्रभाकरराव, म्हणजे तुमचे लॅबवाले, बोटाला सुई टोचणार, काचेवर रक्त पसरवणार, रंगात बुडवणार, सुकवणार. मी मायक्रोस्कोपला मोबाइल लावून फोटो काढणार आणि तुमच्या प्रोग्रामला देणार. नेट कधी असतं कधी नसतं, म्हणून प्रोग्राम तुम्ही सेंटरच्या लॅपटॉपवरच टाकून दिला होता, तो मी शिबिराला सोबत न्यायचे. तो दोनच गोष्टी बोलायचा. 'संशयित' किंवा 'स्वच्छ'. संशयितांची यादी होणार, यादीतल्या लोकांसाठी मोठ्या मशीनची गाडी येणार, ती पक्कं सांगणार, मग गोळ्या सुरू. स्वच्छ निघालात तर घरी जा आणि पुन्हा तोंड दाखवू नका.

माझा भाऊ रजत एकवीस वर्षांचा आहे. लहानपणापासून त्याचे सांधे दुखतात. थंडी पडली की गुडघे धरून बसतो, डोळे पिवळे होतात, आणि चार दिवसांनी काही झालंच नाही असा क्रिकेट खेळायला जातो. त्यामुळं गावाचा त्याच्यावर विश्वास नाही. यंदा सोयाबीन कापताना तो तिसऱ्या तासाला बांधावर जाऊन बसला, तेव्हा शेजारच्या वावरातून रूपरावआबाजी ओरडले होते.

"काय बे रजत, पुन्हा बॅटरी उतरली काय?"

"दुखून राह्यलं आबाजी."

"कामाच्याच टायमाले कसं दुखते गा तुले? जेवाच्या टायमाले नाई दुखत कधी."

सगळ्या बाया हसल्या. माझी माय कोकिळाबाई पण त्यांच्यात होती. ती हसली नाही, पण काही बोललीही नाही, आणि रजतला ते जास्त लागलं.

म्हणून शिबिराची वाट त्याच्याइतकी कोणीच पाहिली नसेल. विहाराच्या सभागृहात सकाळी आठला पहिला नंबर त्याचा. सुई टोचताना हसत होता. आपल्याला आजार निघावा म्हणून बुद्धाला हात जोडणारा तो त्या दिवशी बहुतेक एकटाच. मी फोटो काढला, प्रोग्रामला दिला.

स्वच्छ.

माय घरी गोड करायला निघाली. "रिपोर्ट चांगला आला तं तोंड काऊन पाडून बसला रे?"

"माय, दुखनं तं तसंच हाय ना," रजत म्हणाला. "आता फक्त त्याले नाव नाई उरलं."

साहेब, तुमचा तो कागद येईपर्यंत माझा भाऊ नुसता कामचोर होता. तुम्ही त्याला सरकारमान्य कामचोर केलंत.

मला शंका आली ती महिनाभरानं. बावीस गावं, चारशे बारा काचा, आणि चारशे बारा स्वच्छ. तुम्ही लगेच फलक लावला, 'सिकलसेल शून्य', हार घातले, फोटो काढला. आता आमच्या गावात पूर्व दिशा कोणती ते विचारा, चार मतं पडतील. चारशे बारा माणसं एका गोष्टीवर बिनविरोध होतात, तर ती गोष्ट तपासून पाहिली पाहिजे. मी प्रोग्राम उघडला.

हे मला कुठून येतं, असा प्रश्न तुम्हाला पुढं पडलाच होता, म्हणून आधीच सांगते. मी बारावी आर्ट्स आहे. बाकी सगळं मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकले, काही हिंदीत, काही इंग्रजीत, न समजलेलं आठ-आठ वेळा मागं ओढून. दोन वर्षं लागली. सेंटरवर दुपारी एक ते तीन कोणी येत नाही, त्या वेळात.

कॉम्प्युटरला फोटो म्हणजे आकडे. शून्य म्हणजे काळं कुट्ट, दोनशे पंचावन्न म्हणजे पांढरं शुभ्र. प्रोग्राम आधी फक्त सगळ्यात गडद ठिपके उचलतो, मग थोडे फिकट, मग आणखी फिकट, असा पायरी पायरीनं चढत जातो. चांगली रक्तपेशी बालुशाहीसारखी असते, कडेला जाड, मध्ये दबलेली. म्हणून आधी तिची कडा दिसते, बांगडीसारखी. मधलं भोक काही पायऱ्या टिकतं, मग बुजतं. आजारी पेशी विळ्यासारखी वाकडी, तिच्यात भोक पडतच नाही. भोकं किती आणि ती किती पायऱ्या टिकली, एवढं मोजायचं. आकार ताणला, वाकवला तरी भोक भोकच राहतं, त्याचं हे शास्त्र. टोपोलॉजी म्हणतात. चांगलं शास्त्र आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण चढायला कुठून लागायचं आणि थांबायचं कुठं, हे माणसाला ठरवून द्यावं लागतं.

तुमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये दोन आकडे होते. साठ आणि एकशेवीस. शेजारी लिहिलं होतं, 'बदलू नये'.

माहितीपुस्तिकेत शोधलं तेव्हा कळलं, हे आकडे चाळीस नमुना काचांवरून काढले आहेत. कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या लॅबच्या. आमच्या काचांवर सगळ्यात गडद पेशीच एकशेचाळीसच्या पुढं सुरू होते. तुमचा प्रोग्राम एकशेवीसपर्यंत चढला, इकडं तिकडं पाहिलं, कोणी दिसलं नाही, उतरला. पेशी शून्य. शून्य पेशींत विळे किती, शून्य. निकाल, स्वच्छ. जनगणनेवाला वेशीवरच्या पानटपरीवरून परत गेला आणि लिहून गेला की या गावात चोर नाही.

मी प्रभाकररावांना फोन केला. ते जामलाच राहतात, संध्याकाळी आले. पस्तीस वर्षं लॅबमध्ये घालवलेला माणूस, निवृत्तीला सात महिने.

"काका, आपल्या काचा एवढ्या फिक्क्या काऊन येते?"

"अर्धं पानी टाकतो ना रंगात."

"काऊन?"

"बाटली एक, तीन महिन्याची. तिच्यावर लिहून हाय, दीडशे काचा. मले सांगते चारशे कर. मंग बाकीच्या काय थुका लावून रंगवू?" त्यांनी चहा फुंकला. "आन् चहा पातळ केला तरी चहाच राह्यते. डोळ्याले दिसते बरोबर."

"डोळ्याले दिसते, प्रोग्रामले नाई दिसत."

"मंग प्रोग्रामले चष्मा लाव."

"तुमाले दिसते तं तुमी काऊन नाई सांगितलं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "दोन वर्षं झाले पोरी, मी डोळाच नाई लावला. आधी पाहून लिहित होतो. आता वरून आदेश हाय, तुमी फक्त रंगवा, पाह्यचं काम मशीनचं. मी रंगारी झालो."

ही झाली तुमची चूक. आता माझी सांगते, कारण ती तुमच्याच जातकुळीची आहे.

मापं बदलायची तर कोणत्या काचेवरून घ्यायची? मी सगळ्यात आधी रजतची काच घेतली. त्याच्या काचेत पेशी एकशेअठ्ठ्याऐंशीला सुरू होत होत्या आणि दोनशे पाचला संपत होत्या. मी साठ आणि एकशेवीस खोडलं, हे दोन आकडे टाकले, आणि रजतच्या काचेत विळेच विळे दिसले. मला रडू आलं. मग त्याच मापानं सगळ्या चारशे बारा काचा चालवल्या. संशयित निघाले तीनशे अठ्ठ्याऐंशी. तेवढ्यावर मी थांबायला पाहिजे होतं. मी घरी जाऊन मायला सांगितलं. मायनं नळावर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपरावआबाजी दारात. डोक्यावर कापसाचं गाठोडं, वय त्र्याहत्तर.

"काय वं भावना, मले मरन लागलं म्हन्ते?"

"आबाजी, तसं नाई…"

"शंभरातल्या किती पेशी खराब निघाल्या माह्या?"

मी सांगितलं. सत्त्याण्णव.

त्यांनी गाठोडं खाली ठेवलं. "म्हंजे मी आता तीन पेशीवर चालून राह्यलो?"

आतून, बाजेवरून रजत म्हणाला, "बसा आबाजी. आता तुमीबी आमच्या पार्टीत."

"तू चूप रे. मी तीन पेशीवर कापूस वेचून राह्यलो, तुह्याकडं सगळ्या असून तू बाजेवर." पण बसले. मायनं चहा दिला. जाताना हळूच मला म्हणाले, "नक्की नाई ना वं काही?" तेव्हा मला लाज वाटली. इतकी, की सेंटरला जाऊन पहिले प्रभाकररावांनाच गाठलं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच सांगितलं. "तू भावाच्या अंगावरून माप घेतलं आन् साऱ्या तालुक्याले तोच सदरा शिवला. साहेबानं शहराचं माप आनलं, तूनं घरचं आनलं. दोघाईनंबी ज्याचा सदरा त्याचं अंग नाई पाह्यलं."

बरोबर होतं. रजतची काच सगळ्यांत फिकट. त्याच्या मापानं मी चढायला लागले तेव्हा बाकीच्यांच्या बालुशाह्यांची मधली भोकं केव्हाच बुजून गेली होती. प्रोग्रामला भोक दिसलं नाही, त्यानं सगळ्यांना विळा म्हटलं. आणि रजतच्या काचेतलं जे पाहून मी रडले, ते विळे नव्हतेच. सतरा पायऱ्यांच्या फटीत कॅमेऱ्याची खरखरसुद्धा विळ्यासारखी दिसते. मला जे पाहायचं होतं ते मी पाहिलं.

मग नीट केलं. आठ दुपारी लागल्या. आता प्रत्येक काचेचं माप त्याच काचेवरून. आधी तिच्यातले सगळे आकडे मांडायचे. दोन्ही टोकांना कचरा असतो, खाली धुळीचे काळे ठिपके, वर काचेची चमक, म्हणून शंभरातले दोन इकडचे आणि दोन तिकडचे सोडून द्यायचे. उरलं ते त्या काचेचं माप, तिथून चढा, तिथं थांबा. आणि मधली फट फारच अरुंद निघाली, पेशीचा रंग आणि रिकाम्या काचेचा रंग जवळजवळ सारखाच असला, तर निकाल द्यायचा नाही. तुमच्या प्रोग्रामला दोनच शब्द येत होते. मी तिसरा शिकवला. 'दिसलं नाही'.

माझ्या मापावर माझा विश्वास नको म्हणून प्रभाकररावांना साठ काचा निकाल न सांगता दिल्या. त्यांनी दोन वर्षांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, वहीत एकेक लिहिलं. साठपैकी अठ्ठावन्न जुळल्या. उरलेल्या दोनवर आमचं अजून भांडण चालू आहे.

चारशे बारापैकी तीनशे एकोणसाठ चांगल्या. सतरा संशयित. छत्तीस 'दिसलं नाही'. रूपरावआबाजी चांगल्यांत. मी स्वतः जाऊन सांगितलं, तर म्हणाले, "मले मालूम होतं," आणि त्या दिवशी नळावर सगळ्यांना तेच सांगत बसले.

रजत छत्तिसांत.

मायला समजावणं कठीण गेलं. "म्हंजे बिमारी हाय का नाई?"

"माहीत नाई, माय. काच फिक्की हाय."

"मंग एवढे दिवस तू काय करून राह्यली त्या डब्ब्यासमोर?"

याचं उत्तर प्रभाकररावांनी आणलं. रविवारी ते घरी आले, जयभीम केला, पिशवीतून तळाला थोडा रंग उरलेली बाटली काढली. पाण्याविना. रजतच्या बोटाला सुई टोचली, काच केली, जेवढा वेळ रंगात ठेवायची तेवढा वेळ घड्याळ लावून ठेवली. मग ओसरीत मायक्रोस्कोप मांडून आधी स्वतः पाहिलं आणि बाजूला सरकले.

मी पाहिलं. प्रोग्रामची गरजच नव्हती. बालुशाह्यांच्या मध्ये वाकडे, टोकदार, गडद विळे. प्रोग्रामनं मोजून सांगितलं, शंभरात एकोणीस.

रजतनं स्वतःचं रक्त पहिल्यांदा पाहिलं. बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, "अंगात लाखानं विळे घेऊन फिरून राह्यलो, आन् लोकं म्हन्ते याले सोयाबीन कापता येत नाई."

माय चुलीकडं तोंड करून बसली होती. ती उठली, त्याच्या गुडघ्यांवर चादर टाकली आणि बाहेर पडली. शेजारच्या वावरात जाऊन काय बोलून आली ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं. तिथल्या बाया आता रजतच्या नावानं हसत नाहीत.

पक्कं सांगणं आमचं काम नाही. ते मोठ्या मशीनचं. गोळ्या तिच्याच कागदावर मिळतात. म्हणून मंगळवारी मी आणि प्रभाकरराव जामहून बसनं वर्ध्याला, तुमच्याकडं. इथून पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तुमच्या नोंदीत ते वेगळं असेल.

तुम्ही पहिले विचारलंत, "तुमचं शिक्षण काय?"

"बारावी. आर्ट्स."

"मग हे गणित तुम्हाला कसं येतं?"

"गणितानं मार्कशीट नाही मागितली, सर."

तुमचा ऑपरेटर अंकित हसला आणि तुम्ही पाहताच गप्प झाला. तुम्ही म्हणालात, रेंज प्रमाणित आहे, वरून ठरलेली आहे, खाली बदलता येत नाही. मी वाद घातला नाही. पिशवीतून एक नवी काच काढली. कोरी. रक्त नाही, रंग नाही, बोटाचा ठसासुद्धा नाही. अंकितला म्हटलं, हिचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे, तो चालव. त्यानं चालवला. 'स्वच्छ' आलं, हिरव्या अक्षरात, खाली अभिनंदन.

मला वाटलं, झालं. आता माणूस खुर्चीवरून उठेल.

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा लावलात आणि म्हणालात, "रिकाम्या काचेत आजार नाहीच ना? मग निकाल बरोबर आहे."

साहेब, मी दोन वर्षं जगभरच्या मोठ्या मोठ्या प्राध्यापकांचे व्हिडिओ पाहिलेत. इतकं अभेद्य उत्तर त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नसतं.

मग प्रभाकररावांनी खरं बोलायची चूक केली. बाटलीचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, त्यांना वाटलं आता तुम्हाला कारण कळेल. तुमचा चेहरा उजळला. "म्हणजे दोष तंत्रज्ञाचा आहे." तिथंच अंकितला टिपण घ्यायला लावलंत. दीडशे काचांच्या बाटलीत चारशे काचा करा, हे कोणी सांगितलं होतं, ते टिपणात नाही. मी वाचलं.

परतीच्या बसमध्ये प्रभाकरराव खिडकीकडं पाहत होते. सेलू काट्याजवळ म्हणाले, "एक बरं झालं. सात महिने राह्यले होते, डोळा लावाची सवय तं परत लागली."

गुरुवारी त्यांना नोटीस आली. मला पत्र आलं, की मी मापदंडात अनधिकृत फेरफार केला, सबब माझं काम थांबवण्यात येत आहे. काम थांबवा. फोटो काढायला तुम्हाला दुसरा न हलणारा हात मिळेल. पण त्या पत्रात सतरा आणि छत्तीस माणसांबद्दल एक ओळ नाही. गाडी येत्या शुक्रवारी जामवरून जाणार आहे. आमच्या बावीस गावांची यादी शून्य आहे, म्हणून ती थांबणार नाही, सरळ पुढं निघेल. हे मला अंकितनं फोन करून सांगितलं. त्याच्यावरही नोटीस काढायची असेल तर काढा, तो म्हणाला चालेल.

थंडी वाढली आहे. रजत तीन दिवसांपासून बाजेवर आहे, गुडघे धरून. रूपरावआबाजी रोज सकाळी येऊन पायाशी बसतात आणि शेकायला गरम फडकं करून देतात. मी सोबत त्रेपन्न नावं जोडली आहेत, प्रत्येकापुढं त्याची काच आणि त्या काचेचं माप. रजतची दुसरी काचही आहे, पूर्ण रंगाची. मायक्रोस्कोप तुमच्या टेबलापासून चार पावलांवर ठेवलेला मी पाहिला, झाकण घातलेला.

आता मला अर्जाची पोच नको, जावक क्रमांक नको, 'योग्य ती कार्यवाही' नको. शुक्रवारच्या आत लिहून द्या. ही त्रेपन्न माणसं त्या गाडीत चढणार आहेत की नाहीत? आणि नाही म्हणणार असाल, तर एकेका नावापुढं सहीनिशी लिहा, यातल्या कोणाचं रक्त तुम्ही स्वतः पाहिलंत?